ब्रिज: गुण दोन्हीकडे सोळाच, मग बोली वेगळी का?

किलवर_सत्ती

ब्रिज खेळणाऱ्यांसाठी धागा काढतेय. पत्त्यांचं वावडं असलेल्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

आम्ही दोघं, मी आणि नवरा, लॉकडाऊनमध्ये बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन या साइटवर) शिकलो. आता दर शनिवारी क्लबातही जातो. पाच पानी मेजर, १५-१७ नो ट्रंप (म्हणजे हुकूम नसलेली बोली), स्टेमन, ट्रान्स्फर एवढ्या ठरलेल्या बोली येतात. कोणत्या बोलीचा काय अर्थ यावर आमचं भांडण होत नाही. भांडण होतं ते "आता चार बोलायचं की इथेच थांबायचं" यावर. (नव्यांसाठी: बोलीच्या आकड्यात सहा मिळवा, तेवढे हात, म्हणजे चार पानांच्या फेऱ्या, जिंकायचे. चार इस्पिक म्हणजे दहा हात, तो झाला की गेमचे जादा गुण. शेवटची बोली म्हणजे करार. आणि हात आपण तेरा पानांनाही म्हणतो.)

परवाचे दोन डाव देते. दोन्हींत मी एक इस्पिक बोलले, ह्याने दोन इस्पिक केले, समोरचे गप्प.

पहिला:
इस्पिक एक्का-राजा-८-५-३
बदाम ७
चौकट राजा-राणी-१०-४
किलवर एक्का-६-२

दुसरा:
इस्पिक एक्का-गुलाम-८-५-३
बदाम राजा-राणी
चौकट राणी-गुलाम-४
किलवर राजा-६-२

दोन्हींत सोळा गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). ह्याचं म्हणणं असं, की दोन इस्पिक म्हणजे सहा ते नऊ गुण, मग सोळाला तीन बोलून विचारायचं (जोर असेल तर भिडू चारवर नेईल), डाव कुठला का असेना. मी पहिल्यात थेट चार बोलले आणि दुसऱ्यात पास दिला. ह्याला ते लहरीवर खेळणं वाटतं. मला कारण धड सांगता आलं नाही, पण लहर नव्हती एवढं नक्की. ज्याला सगळे जजमेंट म्हणतात ते हेच का? आणि ते वाढवायचं कसं, की वीस वर्षं पत्ते कुटल्यावर आपसूक येतं?

जुना_पत्तेवाला

सोळा म्हणजे सोळा. तुमच्या यजमानांशी सहमत. नवशिक्यांनी आधी गुण मोजावेत, जजमेंटचं नाव नंतर काढावं. क्लबात निम्मे लोक जजमेंटच्या नावाखाली मनाला येईल ते बोलतात आणि भिडू बिचारा डमी (स्वतःची उघडी पानं) मांडून बघत बसतो.

गणिती_बाळ

पत्तेवाले काका, गुण कशासाठी आहेत तेही बघा ना. मिल्टन वर्क यांच्या नावाने चालणारी ४-३-२-१ ही मोजणी लक्षात ठेवायला सोपी म्हणून टिकली. दोन्हीकडे सपाट (चारही रंगांत साधारण सारखी) पानं आणि नो ट्रंपचा करार असेल तर ती छान चालते. हुकमाच्या करारात मात्र ती एक्क्याला कमी आणि राणी-गुलामाला जास्त भाव देते. आखूड रंगाची तर तिला खबरच नसते.

ताईंचे दोन्ही हात लूझरने (हरू शकणाऱ्या पानांनी) मोजू. प्रत्येक रंगाची पहिली तीनच पानं बघायची, त्यात एक्का, राजा, राणी यांतलं जे नाही तो एक लूझर. एकच पान असेल तर जास्तीत जास्त एक, दोन असतील तर दोन.

पहिला हात: इस्पिक १, बदाम १, चौकट १, किलवर २. एकूण ५.
दुसरा हात: इस्पिक २, बदाम १, चौकट २, किलवर २. एकूण ७.

साध्या रेझमध्ये (भिडूने आपलाच रंग एक पायरी चढवला की) त्याचे साधारण ९ धरतात. दोघांचे मिळून २४ मधून वजा करा. पहिल्यात २४ − १४ = १० हात, दुसऱ्यात २४ − १६ = ८. एकीकडे गेम, दुसरीकडे दोन इस्पिक. ताई बरोबर बोलल्यात, दोन्ही वेळा.

बिनहुकमी

लूझर मोजणीवर फार विसंबू नका. एक्का-दोन फुटकळ आणि राणी-दोन फुटकळ, दोन्हीला ती दोनच लूझर धरते. कुठला हात तुम्ही घ्याल?

गणिती_बाळ

मान्य. म्हणून तर ती हुकूम जुळल्यावरच वापरायची आणि एक्के-राण्यांचा हिशोब डोक्यात वेगळा ठेवायचा. पण सोळा = सोळा यापेक्षा ती दहा पटींनी बरी.

उत्तर_दक्षिण

गुण की लूझर हा वाद इथे जन्मभर चालेल. दोन्ही मोजण्या तुमच्या तेरा पानांच्या आहेत. करार मात्र सव्वीस पानांचा असतो. जजमेंट म्हणून जे काही आहे ते सगळं न दिसणाऱ्या तेरा पानांत आहे, असं माझं ठाम मत.

ताई, नवऱ्याचा हात काय होता ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मीच एक साधासुधा बनवतो:

इस्पिक राणी-६-४
बदाम गुलाम-८-५-३-२
चौकट एक्का-९-५
किलवर ८-७

सात गुण, कोणीही यावर दोन इस्पिक बोलेल. आता हा तुमच्या पहिल्या हातासमोर ठेवा. बदामाचा एक हात जातो, किलवरचा एक जातो, तिसरं किलवर डमीत मारता येतं. हुकूम ३-२ फुटले (६८ टक्के) की दहा हात समोर दिसतात, चौकट मनासारखी पडली तर अकरा. हाच हात दुसऱ्यासमोर ठेवा. बदामाचा एक्का गेला. किलवरचा एक तरी गेलाच, एक्का राजाच्या मागे असेल तर दोन. हुकमाचा एखादा, आणि चौकटच्या राजावर फिनेस (राजा सोयीच्या बाजूला असेल या आशेवर खेळणं). सगळं मनासारखं बसलं तरच दहा, एरवी आठ-नऊ.

दोन्हीकडे एकूण गुण तेवीस. गंमत म्हणजे भिडूचा बदाम गुलाम पहिल्या डावात निव्वळ कचरा आहे आणि दुसऱ्यात राजा-राणीला जोडून कामाचा. तरीही दुसरा डाव मागेच पडतो, कारण तिथली चित्रं आखूड रंगांत अडकलीत आणि मारून घ्यायला काही नाही.

मी करतो ते असं. भिडू बोलला की त्याच्या बोलीत बसणारे तीन हात मनात मांडायचे: एक चांगला, एक मध्यम, एक रडका. आवडता नाही, खरोखर येऊ शकतो तो. तिन्हींसमोर आपला करार चालवून बघायचा. सुरुवातीला टेबलावर हे जमत नाही, घरी कागदावर जमतं. डावागणिक वेळ कमी लागायला लागतो.

डमीबाई

उत्तर_दक्षिण, छान लिहिलंय. यालाच जोडून कल्बर्टसनचा जुना नियम सांगते. एली कल्बर्टसन म्हणजे १९३० च्या सुमाराचे अमेरिकेतले ब्रिजचे सर्वांत गाजलेले खेळाडू आणि प्रचारक. त्यांचा नियम असा, की भिडूकडे त्याच्या बोलीला शोभणारा कमीत कमी हात कल्पायचा, पण पानं अगदी हव्या त्या जागी. अशा हातासमोर गेम जवळपास हातचा असेल तरच गेमचं विचारायचं.

दुसऱ्या हाताला हा नियम लावू. इस्पिक राजा-राणी-४, चौकट राजा-९-३, बदाम आणि किलवर फुटकळ, किलवर दोनच पानं. यात आठ गुण आहेत आणि प्रत्येक गुण कामाचा. तरी बदाम, चौकट, किलवर असे तीन एक्के जातात आणि किलवरचा दुसरा हात जाणार की नाही हे एक्का कुणाकडे आहे त्यावर ठरतं. म्हणजे स्वप्नातला हात मिळूनही पन्नास टक्के! मग विचारायचं कशाला? पास.

जुना_पत्तेवाला

बरं, दुसऱ्याचा पास पटला. पण तीन बोलून विचारलं तर काय बिघडतं? नको असेल तर भिडू तीनवर थांबेल.

गणिती_बाळ

बिघडतं काका. आठच हात असलेला डाव तुम्ही नऊच्या करारात नेलात. +११० जाऊन −५० किंवा −१०० झाले. आमंत्रण काही फुकटात जात नाही. शिवाय समोरच्यांना आयती माहिती मिळते, ते उतारी (डावाचं पहिलं पान) नेमकी करतात.

आता गेमचा हिशोब घ्या. टीमचा सामना, तुम्ही व्हल्नरेबल (म्हणजे या डावात तुमचं बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे). चार इस्पिक झाले तर ६२०, दोनवर थांबून दहा केले तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्प (टीमच्या सामन्यात फरकाचे असे गुण करतात). उलट चार बोलून एक हात कमी पडला तर −१००, दोनवर थांबणाऱ्यांचे +१४०. फरक २४०, म्हणजे ६ इम्प. सोळापैकी सहा, म्हणजे ३७.५ टक्के शक्यता असली तरी गेम बोलणं परवडतं. व्हल्नरेबल नसाल तर ६ मिळतात आणि ५ जातात, तेव्हा ४५ टक्के लागतात. पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) बाकीची टेबलं काय करतील तेही बघावं लागतं, तिथे साधारण पन्नास धरा.

म्हणजे तीच पानं, तीच बोली, तोच भिडू, आणि तरी टीमला चार आणि पेअर्सला दोन, हे दोन्ही बरोबर असू शकतं. "मागच्या वेळी तर बोलली होतीस" हा वाद घरी होत असेल तर आधी तो डाव कुठल्या खेळातला होता ते बघा.

किलवर_सत्ती

हा वाद होतो! दर वेळी!

एक राहिलंच. दुसऱ्या डावात ह्याने बिडिंग बॉक्समध्ये (बोलीची कार्डं असतात त्या डब्यात) हात घालून बराच वेळ घेतला आणि मग दोन इस्पिक काढले. माझ्या मनात आलं होतं की ह्याचा हात काठावरचा दिसतोय. तेही जजमेंटच ना?

डमीबाई

नाही हो, ते मनातून काढूनच टाका. भिडूचा थबका, सुस्कारा, भुवई, घाईघाईने टाकलेला पास, या सगळ्याला ब्रिजच्या कायद्यात अनधिकृत माहिती म्हणतात. नियम १६ त्यासाठीच आहे. भिडूने वेळ घेतला आणि तुमच्यापुढे दोन शहाणे पर्याय असले, तर त्या वेळ घेण्याने जो सुचवला तो तुम्हाला घेता येत नाही. तुमचा पास पानांवरून सिद्ध होतो म्हणून इथे निभावलं. पण संचालकाला बोलावलं गेलं तर "मी असंही तेच बोलले असते" एवढं पुरत नाही.

प्रतिपक्षाचा थबका मात्र वापरता येतो, स्वतःच्या जबाबदारीवर. त्याने फसवलं असं वाटलं आणि ते मुद्दाम होतं, तर तो वेगळा गुन्हा.

पाहुणी

वाचतेय. यातलं निम्मंच कळतंय, पण मजा येतेय. तीनशेचार आणि लाडीस खेळलेल्यांना ब्रिज जमेल का?

बिनहुकमी

जमेल, आणि हुकमाची अक्कल आधीपासून असेल. एक सवय तेवढी मोडावी लागेल. त्या खेळांत बोली म्हणजे माझ्या पानांचा जोर एवढाच. ब्रिजमध्ये बोली हे भिडूशी बोलणं आहे, आणि ते प्रतिपक्षही ऐकत असतो. त्याचाही फायदा घ्यायचा असतो. समजा तुमच्याकडे बदाम राजा आणि ३. उजवीकडचा बदाम बोलला तर एक्का बहुतेक त्याच्याकडे, म्हणजे तुमच्या राजाच्या आधी तो खेळणार, राजा जिवंत. डावीकडचा बदाम बोलला तर तोच राजा निम्मा मेला. गुण दोन्हीकडे तीनच.

मला विचाराल तर जजमेंट म्हणजे हेच. पहिल्या बोलीच्या वेळी हाताला दिलेला भाव शेवटपर्यंत तोच ठेवायचा नाही. प्रत्येक बोलीनंतर पुन्हा मोजायचं. सर्वांत झणझणीत उदाहरण स्प्लिंटरचं. तुम्ही एक बदाम, भिडू एकदम चार किलवर: बदामाला साथ, गेमपुरता जोर, किलवर एकेरी किंवा नाहीच. आता किलवर ८-५-२ असणारा हात एकदम फुलतो, कारण तुमचे बाकीचे सगळे गुण कामाच्या तीन रंगांत आहेत. आणि किलवर राजा-राणी-५ असणाऱ्याचे पाच गुण पाण्यात. दोघांकडे तेरा असतील. पहिल्याने स्लॅमचा (बारा-तेरा हातांच्या कराराचा) विचार करावा, दुसऱ्याने चार बदाम बोलून पानं खाली ठेवावीत.

जुना_पत्तेवाला

हे सगळं चांगलं खेळणाऱ्यांसाठी. ताईंचा प्रश्न वाढवायचं कसं हा आहे. माझं उत्तर: खेळा. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचं सुवर्ण आणलं, तेव्हा एक साठ वर्षांचे होते आणि दुसरे छप्पन. उगाच नाही.

उत्तर_दक्षिण

काका, वर्षं मोजून काही होत नाही. आमच्या क्लबात चाळीस वर्षं खेळणारे आहेत, आणि चाळीस वर्षं तेच बोलतायत. :) त्या दोघांकडून घ्यायचं तर जोडी टिकवणं घ्या. भिडू अकराला उघडतो की तेराला, पाच गुणांवर रेझ करतो की पास, हे माहीत नसेल तर मी वर सांगितलेले तीन हात तुम्ही मांडणार कसे? दर शनिवारी नवा भिडू घेणाऱ्याचं जजमेंट वाढत नाही, त्याचे अंदाज वाढतात.

मी एक वही ठेवतो, तिच्याबद्दल सांगतो, कारण मला तिचाच खरा उपयोग झाला. त्यात डाव लिहायचे नाहीत, निर्णय लिहायचे. अडलं कुठे, काय बोललो, का बोललो आणि भिडूकडे काय असेल असं वाटलं. हे डमी दिसायच्या आधी मनात पक्कं करायचं आणि डाव संपल्यावर लगेच दोन ओळींत उतरवायचं. करार झाला की बुडाला हे शेवटी, छोट्या अक्षरात. तीस टक्क्यांचा स्लॅमही दहात तीन वेळा होतो, आणि तो झाला की लोक टाळ्या देतात. अशा टाळ्यांनी जजमेंट बिघडतं.

दुसरं, वाद झालेला हात तिसऱ्याला दाखवायचा, पण निकाल न सांगता आणि आपण काय बोललो तेही न सांगता. फक्त तेरा पानं, व्हल्नरेबिलिटी आणि इथवरची बोली. "हे बघ, मी चार बोललो आणि बुडालो, बरोबर ना?" असं विचारलं की कोणी खरं उत्तर देत नाही.

गणिती_बाळ

वहीला +१. बीबीओवर डाव साठवलेले असतात, त्याचा फायदा घ्या, पण तिथला डबल डमी आकडा प्रमाण मानू नका. त्याला बावन्नही पानं दिसतात. तो राणी बरोबर पकडतो, तुम्हाला ती शोधावी लागते. "कॉम्प्युटर म्हणतो चार होतात" हे बोली बरोबर असल्याचा पुरावा नाही.

ताई, घरच्या घरी करण्यासारखं: तुमचा हात पक्का ठेवून उरलेली ३९ पानं पिसा आणि तिघांना वाटा. भिडूचा हात त्याच्या बोलीत बसत नसेल तर पुन्हा वाटा. वीस-पंचवीस वाटपं झाली की गेम किती वेळा होतो याचा बरा अंदाज येतो. नवऱ्यालाही बसवा शेजारी.

किलवर_सत्ती

बसवलं. पहिल्या हातावर "बरं, चार" म्हणाला. दुसऱ्यावर अजून "तीन बोलून बघायला काय जातं" चालू आहे, त्याला काकांची पोस्ट आवडली आहे.

आता कालचा एक. दोन्ही बाजू व्हल्नरेबल. मी एक इस्पिक, डावीकडून दोन बदाम, हा दोन इस्पिक, उजवीकडून तीन बदाम. माझा हात:

इस्पिक एक्का-राणी-८-५-३
बदाम राणी-७-२
चौकट राजा-गुलाम-४
किलवर राणी-६

मी काय बोलले ते उत्तर_दक्षिण यांचं ऐकून सांगत नाही.

जुना_पत्तेवाला

तीन इस्पिक. चौदा गुण आहेत आणि भिडूने साथ दिली आहे. असं कसं सोडायचं त्यांना?

डमीबाई

पास.

गणिती_बाळ

पास. इथे एकूण हातांचा नियम लावून बघा, फ्रान्सच्या झाँ-रेने व्हेर्न यांनी मांडला तो. दोन्ही बाजूंच्या हुकमांची बेरीज साधारण दोन्ही बाजूंच्या हातांच्या बेरजेइतकी असते. आपले हुकूम ५ + ३ = ८. बदाम तुमच्याकडे तीन, त्यांच्याकडे साधारण ५ + ३ = ८. एकूण १६.

त्यांचे बदामात ९ तर आपले इस्पिकात ७: तीन इस्पिक बोललात तर −२००, पास दिलात तर −१४०.
दोघांचे ८: बोललात तर −१००, पास दिलात तर +१००.
त्यांचे ७ तर आपले ९: बोललात तर +१४०, पास दिलात तर +२००.

तिन्ही ओळींत पासच वर आहे, आणि यात अजून कोणी डबल (दंड वाढवणारी बोली) दिलेलं नाही. सहावं इस्पिक असतं आणि बदाम एकेरी, तर बेरीज १७ च्या पुढे गेली असती आणि चित्र उलटलं असतं. १७ ला ९-८ फुटो की ८-९, बोलणाऱ्याचे ४० वाढतात.

बिनहुकमी

नियम सरासरीचा आहे हे विसरू नका. दोन्ही बाजूंना दोन-दोन रंग जुळत असतील तर बेरीज वर सरकते, आणि समोरच्यांच्या रंगात राणी-गुलाम अडकले असतील तर खाली येते. इथे बदाम राणी त्यांना एक हात कमी करू शकते, आपल्या इस्पिकाच्या करारात तिचा उपयोग शून्य. किलवर राणी-६ तशीच. म्हणजे १६ पेक्षाही कमीच धरा. पास, आणि उतारी भिडूची नसून आपली असेल का ते बघा.

डमीबाई

उतारी भिडूची नसून ताईंची असं कसं होईल? बदाम पहिल्यांदा डावीकडचा बोलला, म्हणजे खेळणार तो, उतारी त्याच्या डावीकडून, म्हणजे भिडूचीच. तो बहुधा इस्पिक काढेल.

बिनहुकमी

बरोबर, भिडूचीच. मग तर इस्पिक एक्का-राणी घेऊन गप्प बसायला काहीच हरकत नाही.

किलवर_सत्ती

मी पास दिला होता. नवरा वर पत्तेवाले काकांचं वाचून म्हणतोय, "बघ, एक तरी माणूस माझ्यासारखा विचार करतो."

जुना_पत्तेवाला

यजमानांना नमस्कार सांगा. गणिती_बाळाचा तक्ता मी उतरवून घेतलाय. पण समोर दोन बदामवाला आमच्या क्लबातला असेल तर मी अजूनही तीन इस्पिकच बोलेन. तो चार पानांवर बोलतो.

गणिती_बाळ

मग काका, त्यांचे हुकूम आठ नाहीत, सात आहेत. बेरीज १५. अजूनच पास!